लोखंडाच्या गुरूचा दगडी शिष्य

हिंजवडीहून पुण्यात यायचे तर मुळा ओलांडावीच लागते. गाडी पुलावर येते, खाली पाणी दिसते न दिसते तोच पलीकडचा काठ लागतो. हा पूल दगडाचा, लोखंडाचा की काँक्रीटचा, हे कुणी ठरवले असेल, असा विचार मनात येतही नाही. याच मुळेवर, खाली दापोडीजवळ, रेल्वेसाठी तो विचार सर्वप्रथम करणारा माणूस म्हणजे जेम्स जॉन बर्कले.

१८१९ साली लंडनमध्ये जन्मलेले बर्कले तिथल्याच किंग्ज कॉलेजात शिकले आणि पुढे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झाले. स्टीफन्सन म्हणजे लोखंडी पुलांचे महागुरू. त्यांच्याच शिफारशीने बर्कले जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता झाले आणि १८५० च्या आरंभी मुंबईत उतरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढे आडवी आली ती खाडी, आणि त्यामागे सह्याद्री.

पूल कसला बांधायचा? लोखंडी तुळई वजनाने वाकू पाहते. तिची खालची बाजू ताणली जाते. लोखंड हा ताण सोसते, दगड सोसत नाही. कमानीत मात्र भार दगडादगडांतून दाबत खाली उतरतो, आणि दाब सोसण्यात काळ्या पाषाणाचा हात धरणारे कोण? शिवाय तो इथे पावलोपावली मिळणारा. लोखंड यायचे विलायतेहून, आफ्रिकेला वळसा घालून. सुएझचा कालवा व्हायला अजून अवकाश होता. म्हणून लोखंडाच्या गुरूचा हा शिष्य दगडाकडे वळला. मात्र हट्टाने नव्हे. ठाण्याच्या खाडीत होड्यांना मोकळी वाट हवी होती, तेव्हा दगडी कमानींच्या मधोमध त्यांनी लोखंडी तुळया टाकल्या.

१८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी आली. राहिला बोरघाट. १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे दगडी पूल. १८६१ मध्ये तिथे ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने किती घरे उजाड केली! ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच दगावले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. बर्कले यांची प्रकृतीही ढासळली. मायदेशी परतून २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. घाट खुला झाला २१ एप्रिल १८६३ रोजी. तो सोहळा त्यांच्या नशिबी नव्हता.

नशिबी नव्हते आणखीही काही. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला आठ कमानींचा एक उंच पूल कोसळला. कमानीचे गणित चुकले नव्हते. कच्चे होते ते दगडकाम. पूल कागदावर निवडता येतो, पण तो उभा राहतो चुन्यावर, गवंड्याच्या हातावर आणि देखरेख करणाऱ्याच्या नजरेवर.

आता चुन्याच्या जागी सिमेंट आले. मुळेवरून जाताना क्षणभर बर्कले आठवावेत, आणि ते नावाजले न गेलेले हातही.