गवयाची मिळकत

माझे वडील दरबारी गवई. तनखा मिळे, सणासुदीला शेलापागोटेही. पण मालकाची मर्जी फिरली तर काय, ही धास्ती घरात कायम असे. मी शिकवण्या करून पोट भरतो. त्यामुळे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र मला घरचेच वाटते.

जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे सुरू झाले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. आमच्या बडोद्यासही ते गायले. संस्थानचा आश्रय हीच तेव्हा गवयाची मोठी नोकरी. पण बुवा कुठेच चिकटले नाहीत. काठेवाडात त्यांनी चक्क तिकीट लावून जलसा केला!

५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघाले. वर्ग, क्रमिक पुस्तके, परीक्षा, सारे शाळेसारखे. खरी दूरदृष्टी उपदेशक वर्गात. गरीब मुलांना राहणे, जेवण, विद्या फुकट. अट एकच, काही वर्षे टिकून शिकायचे आणि मग शिकवायचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन ही त्यांचीच शिष्यमंडळी.

स्वतः बुवांना मात्र हिशेब जमला नाही. १९०८ साली मुंबईस शाळा काढली, इमारत बांधली, ती कर्जापायी लिलावात गेली. १९३१ साली मिरजेस ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापले. त्याच्याच परीक्षांना मी माझी मुले बसवतो.