आल्फोन्स मुखा

आल्फोन्स मारिया मुखा (२४ जुलै १८६०, इव्हांचित्से, मोराव्हिया – १४ जुलै १९३९, प्राग) हे चेक चित्रकार, बोधचित्रकार आणि उपयोजित कलेतील संकल्पनकार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांनी केलेली भित्तिपत्रके, दिनदर्शिका, जाहिराती आणि आलंकारिक फलक ही आर नूव्हो या कलाशैलीची सर्वपरिचित उदाहरणे मानली जातात. फ्रान्समध्ये त्यांचे नाव म्युशा असे उच्चारले जाई. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी स्लाव्ह लोकांच्या इतिहासावरील २० भव्य चित्रांची ‘स्लाव्ह महाकाव्य’ ही मालिका रंगविली. आपले खरे कार्य ते याच मालिकेला मानत. तथापि जगाने त्यांना मुख्यतः भित्तिपत्रकांसाठी लक्षात ठेवले.

जन्म आणि बालपण

मुखा यांचा जन्म दक्षिण मोराव्हियातील इव्हांचित्से या लहान गावी झाला. हा प्रदेश त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होता आणि आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे वडील ओंद्रेय हे स्थानिक न्यायालयात कनिष्ठ पदावर नोकरीस होते. आई अमालिए ही एका गिरणीवाल्याची मुलगी होती. कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची असल्यामुळे पुढील शिक्षणाचा खर्च झेपणारा नव्हता. मात्र आवाज चांगला असल्याने मुखा यांना ब्रनो येथील चर्चच्या गायनवृंदात स्थान मिळाले आणि त्या आधारावर त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. चर्चमधील बरोक शैलीची सजावट, रंगीत काचा आणि धार्मिक विधींचा थाट यांचा त्यांच्या मनावर झालेला संस्कार पुढे त्यांच्या चित्रांतही दिसून येतो.

शिक्षण सोडून गावी परतल्यावर त्यांनी न्यायालयात काही काळ कारकुनी केली. १८७८ साली त्यांनी प्रागच्या कला अकादमीत प्रवेशासाठी अर्ज केला. परंतु तो नाकारण्यात आला आणि त्यांना दुसरा एखादा व्यवसाय शोधण्याचा सल्ला मिळाला.

व्हिएन्ना आणि मिकुलोव्ह

१८७९ साली मुखा व्हिएन्नाला गेले व नाटकांचे पडदे आणि नेपथ्य रंगविणाऱ्या एका कार्यशाळेत नोकरीस लागले. मोठ्या आकारात, दुरून पाहणाऱ्यासाठी चित्र कसे रचावे याचे पहिले शिक्षण त्यांना येथे मिळाले. डिसेंबर १८८१ मध्ये व्हिएन्नातील रिंगथिएटर हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले आणि त्यात शेकडो प्रेक्षक मृत्युमुखी पडले. हे नाट्यगृह कार्यशाळेचे मोठे ग्राहक होते. काम कमी झाल्याने मुखा यांची नोकरी गेली.

उरलेल्या पैशांत जेथपर्यंत जाता येईल तेथपर्यंत रेल्वेने प्रवास करून ते मोराव्हियातील मिकुलोव्ह येथे उतरले आणि व्यक्तिचित्रे काढून उदरनिर्वाह करू लागले. याच काळात काउंट खुएन-बेलासी या जमीनदाराने ह्रुशोव्हानीजवळच्या आपल्या वाड्यातील भित्तिचित्रांचे काम त्यांना दिले. कामावर संतुष्ट होऊन काउंटने त्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलला. १८८५ पासून मुखा म्युनिकमध्ये शिकले आणि १८८७ साली पॅरिसला जाऊन त्यांनी अकादमी ज्युलियन व नंतर अकादमी कोलारोसी या संस्थांत अभ्यास केला.

पॅरिसमधील उमेदवारी

१८८९ साली काउंटकडून मिळणारे साहाय्य थांबले. त्या वेळी मुखा २९ वर्षांचे होते. पुढील पाच वर्षे त्यांनी नियतकालिके आणि पुस्तके यांच्यासाठी बोधचित्रे काढून उपजीविका केली. आर्मां कोलँ या प्रकाशनसंस्थेची कामे त्यांना मिळू लागली. जर्मनीच्या इतिहासावरील एका ग्रंथासाठी त्यांनी काढलेल्या प्रसंगचित्रांमुळे ऐतिहासिक विषय हाताळणारे बोधचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक झाला. पोशाख, शस्त्रे आणि वास्तू यांचा काळजीपूर्वक अभ्यास करण्याची सवय त्यांना या कामातून लागली. पॅरिसमधील परदेशी व होतकरू कलावंतांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. ताहितीहून परतलेल्या पोल गोगँ यांनी १८९३ साली काही काळ त्यांच्याच चित्रशाळेत काम केले.

‘जिस्मोंदा’चे भित्तिपत्रक

मुखा यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना १८९४ च्या नाताळात घडली. प्रख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांना त्यांच्या ‘जिस्मोंदा’ या नाटकासाठी नवे भित्तिपत्रक तातडीने हवे होते. व्हिक्तोरियँ सार्दू यांचे हे नाटक थिएटर द ला रनेसाँस येथे चालू होते आणि जानेवारीपासून त्याचे आणखी प्रयोग होणार होते. लेमर्सिए या छापखान्यातील नेहमीचे चित्रकार सुटीवर गेले होते. मुखा त्या दिवशी एका मित्राच्या चित्रांची मुद्रिते तपासण्यासाठी छापखान्यात आले होते, म्हणून काम त्यांच्याकडे सोपविले गेले, अशी हकिकत सांगितली जाते. १ जानेवारी १८९५ रोजी हे भित्तिपत्रक पॅरिसच्या रस्त्यांवर झळकले.

त्या काळी पॅरिसच्या भिंतींवर जूल शेरे यांच्या भडक रंगांच्या, चैतन्याने सळसळणाऱ्या भित्तिपत्रकांचे वर्चस्व होते. मुखा यांचे चित्र त्याहून सर्वस्वी भिन्न होते. सुमारे दोन मीटर उंच आणि अरुंद अशा त्या पत्रकात बायझंटाइन थाटाच्या जरतारी वस्त्रातील बर्नहार्ट हातात ताडाची फांदी घेऊन जवळजवळ पूर्णाकृती उभ्या होत्या. डोक्यामागील कमान तेजोवलयासारखी दिसे आणि पार्श्वभूमी मोझेकची होती. रंग फिकट व संयत होते. रस्त्यावरच्या गजबजाटात त्या स्थिर, देवताचित्रासारख्या आकृतीकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. रसिकांनी ही पत्रके भिंतींवरून रात्री काढून नेल्याचे सांगितले जाते. बर्नहार्ट यांनी मुखा यांच्याशी सहा वर्षांचा करार केला. त्यानुसार मुखा यांनी ‘ला दाम ओ कामेलिया’, ‘लोरेंझाच्चो’, ‘मेदे’, ‘हॅम्लेट’ इत्यादी नाटकांची भित्तिपत्रके केली, तसेच नेपथ्य, वेशभूषा व दागिन्यांचीही संकल्पना केली.

शिळामुद्रण आणि मुखा शैली

ही भित्तिपत्रके रंगीत शिळामुद्रणाने छापली जात. या पद्धतीत गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. दगड ओला केल्यावर कोऱ्या भागावर पाणी राहते आणि छपाईची शाई केवळ तेलकट रेषांना धरते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो आणि सर्व रंग एकमेकांवर अचूक बसवावे लागतात. ‘जिस्मोंदा’सारखे उंच पत्रक दोन भागांत छापून नंतर जोडले जाई. या तंत्रात ठसठशीत बाह्यरेषा आणि सपाट रंगाचे भाग उठून दिसतात. मुखा यांनी आपली शैली या गुणांवरच उभारली.

फुलावेलींनी वेढलेली तरुण स्त्री, वळणावळणांनी पसरणारे लांब केस, मस्तकामागील वर्तुळ आणि चित्राचाच भाग होऊन येणारी हस्तरेखित अक्षरे ही या शैलीची ओळख होय. मुखा यांनी मोराव्हियन लोककला, बायझंटाइन मोझेक, जपानी मुद्राचित्रे आणि वनस्पतींचे निरीक्षण यांतून तिचे घटक घेतले. वस्त्रांच्या चुण्या व शरीराच्या ठेवणी यांच्या अभ्यासासाठी ते आपल्या चित्रशाळेत प्रतिकृतींची छायाचित्रे घेत. पॅरिसमध्ये या शैलीला मुखा शैली असेच म्हटले जाई. मात्र कला चिरंतन असते, ती नवी वा जुनी नसते, अशी धारणा असल्याने आर नूव्हो हे नाव त्यांना स्वतःला पटत नसे.

मुद्रक शांपन्वा यांच्याशी झालेल्या करारामुळे मुखा यांचे काम घरोघरी पोहोचले. ‘ऋतू’ (१८९६) या चार चित्रांच्या संचापासून त्यांनी मजकूरविरहित आलंकारिक फलकांची परंपरा सुरू केली. हे फलक कागदावर तसेच रेशमावर छापले जात. मूळ तैलचित्र विकत घेणे ज्यांना परवडत नसे त्यांनाही ते भिंतीवर लावता येत. त्याच वर्षी एका दिनदर्शिकेसाठी केलेले ‘राशिचक्र’ अतिशय लोकप्रिय झाले. जोब सिगारेट-कागद, मोएत ए शाँदों शॅम्पेन, लफेव्र-युतील बिस्किटे आणि नेस्ले या उत्पादनांच्या जाहिरातीही त्यांनी केल्या. १८९७ मध्ये सालों दे साँ येथे त्यांच्या ४४८ कलाकृतींचे प्रदर्शन भरले. १९०२ साली प्रसिद्ध झालेला ‘दोक्युमाँ देकोरातीफ’ हा ७२ चित्रफलकांचा संग्रह अनेक कलाशाळांत नमुनाग्रंथ म्हणून वापरला गेला.

यशाविषयी असमाधान

यशाच्या शिखरावर असतानाच मुखा यांना जाहिरातींच्या कामाचा ओझ्यासारखा भास होऊ लागला. १८९९ साली त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेवर आधारित ‘ल पातेर’ हा सचित्र ग्रंथ ५१० प्रतींत प्रसिद्ध केला. तो त्यांच्या गंभीर आध्यात्मिक ओढीचा द्योतक आहे. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात बोस्निया-हर्जेगोविनाच्या दालनाची सजावट त्यांच्याकडे आली. त्या निमित्ताने त्यांनी बाल्कन प्रदेशात प्रवास करून दक्षिण स्लाव्ह लोकांचा इतिहास व चालीरीती अभ्यासल्या. ज्या साम्राज्याच्या अमलाखाली आपले स्वतःचे लोक होते, त्याच साम्राज्यासाठी त्याने ताब्यात ठेवलेल्या दुसऱ्या स्लाव्ह प्रदेशाचे गौरवचित्र रंगविण्याचे हे काम होते. स्लाव्ह इतिहासावर स्वतंत्र चित्रमालिका करण्याची कल्पना त्यांच्या मनात याच काळात रुजली.

या कार्यासाठी निधी मिळविण्याच्या हेतूने १९०४ पासून ते अमेरिकेस वारंवार गेले. १९०६ साली प्रागमध्ये त्यांचा विवाह मारुश्का खितिलोव्हा यांच्याशी झाला. कन्या यारोस्लाव्हा हिचा जन्म १९०९ साली न्यू यॉर्क येथे आणि पुत्र यिर्झी याचा जन्म १९१५ साली प्राग येथे झाला. १९०८ मध्ये बॉस्टन येथे स्मेताना यांची संगीतरचना ऐकल्यानंतर त्यांचा निश्चय पक्का झाला, असे सांगितले जाते. अखेर शिकागोचे उद्योगपती चार्ल्स रिचर्ड क्रेन यांनी प्रकल्पाचा खर्च देण्याचे मान्य केले.

स्लाव्ह महाकाव्य

१९१० साली मुखा मायदेशी परतले. प्रागच्या नगरभवनातील महापौर-दालनाच्या सजावटीचे काम त्यांना मिळाले, तेव्हा स्थानिक कलावंतांनी त्याला विरोध केला. परदेशात नाव कमावून आलेला चित्रकार त्यांना परका वाटत होता. मुखा यांनी पश्चिम बोहेमियातील झ्बिरोह किल्ल्यात प्रशस्त चित्रशाळा घेतली आणि सुमारे १६ वर्षे ते या मालिकेवर काम करीत राहिले. सर्वांत मोठी चित्रे सुमारे ६ मीटर बाय ८ मीटर आकाराची असून ती प्रामुख्याने टेम्पेरा रंगांत आहेत. २० पैकी १० चित्रांचे विषय चेक इतिहासातील आणि उरलेल्या १० चित्रांचे विषय इतर स्लाव्ह समाजांच्या इतिहासातील आहेत. त्यांत विजयांपेक्षा श्रद्धा, शिक्षण, शांतता आणि युद्धाचे दुःख यांना अधिक स्थान आहे.

१९१८ साली स्वतंत्र चेकोस्लोव्हाकियाची स्थापना झाली. नव्या राष्ट्राची पहिली टपाल तिकिटे आणि चलनी नोटा यांची संकल्पना मुखा यांनी केली. १०० कोरुनांच्या नोटेवर त्यांनी क्रेन यांच्या कन्येच्या व्यक्तिचित्रावरून ‘स्लाव्हिया’ची प्रतिमा घेतली.

१९२८ साली, स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी, पूर्ण झालेली मालिका प्रागच्या व्यापारमेळा-भवनात मांडण्यात आली आणि मुखा व क्रेन यांनी ती प्राग नगरीला अर्पण केली. तिच्यासाठी नगराने स्वतंत्र वास्तू उभारावी अशी अट होती. परंतु काळ बदलला होता. स्वातंत्र्याच्या आशेने सुरू झालेले हे काम संपले, तेव्हा ते स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे लोटली होती. घनवाद आणि आधुनिक कलेच्या प्रभावाखालील तरुण समीक्षकांना ही चित्रे कालबाह्य वाटली. अपेक्षित वास्तू मुखा यांच्या हयातीत उभी राहिली नाही. १९३१ साली प्रागच्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमधील रंगीत काचेच्या खिडकीचे संकल्पन त्यांनी केले.

अखेरचे दिवस

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्याने प्राग व्यापले. स्लाव्ह अस्मितेचा पुरस्कार करणारे मुखा यांना गेस्टापोने अटक करून त्यांची चौकशी केली. आधीच खालावलेली त्यांची प्रकृती सुटकेनंतर सुधारली नाही. १४ जुलै १९३९ रोजी, वयाच्या ७९ व्या वाढदिवसाच्या १० दिवस आधी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. व्हिशेह्राद येथील स्लावीन या राष्ट्रीय समाधिस्थळी त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

युद्धकाळात ‘स्लाव्ह महाकाव्या’ची चित्रे गुंडाळून लपवून ठेवण्यात आली होती. १९६३ पासून ती मोराव्स्की क्रुमलोव्ह येथील वाड्यात लोकांसमोर आली. इव्हांचित्से हे मुखा यांचे जन्मगाव तेथून जवळच आहे. ओलाव्याने खराब झालेल्या चित्रांच्या दुरुस्तीत कन्या यारोस्लाव्हा यांचा सहभाग होता. २०१२ साली ही मालिका प्रागला प्रदर्शित झाली, २०१७ साली टोकियो येथे दाखविली गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा मोराव्स्की क्रुमलोव्ह येथे आणण्यात आली.

१९६३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रदर्शनानंतर मुखा यांच्या भित्तिपत्रकांकडे नव्याने लक्ष गेले. त्यानंतर काही वर्षांतच सॅन फ्रान्सिस्कोमधील संगीतमैफलींच्या भित्तिपत्रकांत त्यांच्या रेषांचा व अक्षररचनेचा प्रभाव दिसू लागला. १९६६ साली स्टॅन्ली माउस व आल्टन केली यांनी जोब सिगारेट-कागदाच्या जाहिरातीतील आकृती थेट आपल्या भित्तिपत्रकात वापरली. जपानमधील साकाई शहरात आणि प्रागमध्ये मुखा यांना वाहिलेली संग्रहालये आहेत. पुत्र यिर्झी मुखा हे लेखक होते व त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले.

राष्ट्रासाठी केलेले काम टिकावे आणि उपजीविकेसाठी केलेले विसरले जावे, अशी मुखा यांची इच्छा असावी असे त्यांच्या आयुष्यक्रमावरून वाटते. प्रत्यक्षात काही आठवड्यांसाठी रस्त्यावर लावलेले कागदच प्रथम जगभर पोहोचले आणि त्यांच्या प्रसिद्धीमुळे ‘स्लाव्ह महाकाव्या’कडेही पुढील पिढ्यांचे लक्ष वळले.