पत्रांतील कॅप्टन कोण? कोशकार मोल्सवर्थ यांचें अल्प चरित्र

जुनीं पत्रें वाचणारांस एक अडचण वारंवार येते. पत्रांत एखाद्या लष्करी अंमलदाराचें नांव असतें, पण तें अगदीं त्रोटक. हुद्दा आणि आडनांव, एवढेंच. कंपनी सरकारच्या फौजेंत एकाच आडनांवाचे अनेक अंमलदार असत. मग पत्रांतील गृहस्थ कोण, हें ठरवावें कसें? त्यास तीन साधनें आहेत: पत्राचें साल, पत्राचें स्थळ आणि नांवाआधीं लावलेला हुद्दा. यांपैकीं हुद्दा फार बोलका असतो. तो कोणत्या सालीं मिळाला आणि कोणत्या सालीं सुटला, हें कळलें कीं मनुष्याची ओळख पटूं लागते. याचें एक उत्तम उदाहरण आपल्या मराठी भाषेच्या इतिहासांतच आहे.

१८३१ सालीं मुंबई सरकारकरितां छापलेल्या मराठी-इंग्रजी कोशावर तीन अंमलदारांचीं नांवें आहेत. कॅप्टन जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे मुख्य कोशकार. लेफ्टनंट टॉमस कँडी व लेफ्टनंट जॉर्ज कँडी हे त्यांचे साहाय्यक. हे दोघे कँडी जुळे भाऊ! त्या दिवसांतील पत्रांत नुसतें लेफ्टनंट कँडी असें आढळलें, तर ते कोणते हें सांगणें कठीण. परंतु पुढील काळांतील पत्रांत हा घोटाळा राहत नाहीं. जॉर्ज यांनीं लष्कर सोडून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि ते मुंबईंत इंडो-ब्रिटिश इन्स्टिट्यूशन चालवूं लागले. यापुढें ते रेव्हरंड कँडी झाले. टॉमस मेजर या हुद्द्यापर्यंत चढले, पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख झाले, आणि मराठी लेखनांत विरामचिन्हांची वहिवाट पाडणारे म्हणून आजही त्यांचें स्मरण केलें जातें. तेव्हां १८४० नंतरच्या पत्रांतील मेजर कँडी ते टॉमस आणि रेव्हरंड कँडी ते जॉर्ज, हें उघड आहे.

आतां मोल्सवर्थ यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म १८९५ च्या बरोबर शंभर वर्षें आधीं, म्हणजे १७९५ सालीं, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गांवीं झाला. आज जे विद्यार्थी वरच्या इयत्तांत शिकत आहेत, त्यांच्याच वयाचा, अवघा सोळा वर्षांचा हा मुलगा कंपनीच्या फौजेंत दाखल होऊन १८१२ सालीं या देशीं आला. येथील भाषा शिकणें अंमलदारांस गरजेचें होतें. बहुतेकांचें शिक्षण परीक्षेपाशीं थांबे. मोल्सवर्थ यांचें थांबलें नाहीं. कानावर पडलेला शब्द ते टिपून ठेवीत. सोलापुरास असतांना टॉमस कँडी यांच्या साह्यानें त्यांनीं कोशाची सामग्री जमविण्यास आरंभ केला. सरकारनें प्रथम या कामास आश्रय दिला नाहीं. पुढें मात्र सरकारनेंच तें त्यांच्या हातीं सोंपविलें.

या कोशाचें श्रेय एकट्या साहेबांचें नव्हे, हें येथें सांगणें न्यायाचें होईल. शब्द मिळविण्याचें व त्यांचे अर्थ पारखण्याचें काम शास्त्री-पंडितांनीं केलें. जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृति पंडितांचा महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ सालीं प्रसिद्ध झालाच होता. सरकारचा हेतुही निव्वळ विद्येचा नव्हता; राज्यकारभारास भाषा हवी होती. तथापि मोल्सवर्थ यांनीं केवळ कचेरींतले शब्द घेतले नाहींत. शेतकऱ्यांचे, कारागिरांचे, बायकांच्या बोलण्यांतले, मुलांच्या खेळांतले शब्द, तसेंच म्हणी व वाक्प्रचार यांनाही त्यांनीं ग्रंथांत मानाची जागा दिली. पहिल्या आवृत्तींत सुमारें ४०,००० शब्द होते.

यानंतर इंग्रजी-मराठी कोशाचें काम चालू असतां मोल्सवर्थ यांची प्रकृति ढासळली आणि १८३६ सालीं त्यांनीं तें सोडलें. तें काम टॉमस कँडी यांनीं १८४७ सालीं तडीस नेलें. परंतु मोल्सवर्थ यांनीं सोडलें तें एवढेंच नव्हे. खऱ्या ख्रिस्ती मनुष्यास शस्त्राचा धंदा शोभत नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं आपल्या हुद्द्याचा राजीनामा दिला आणि जवळजवळ चोवीस वर्षांच्या चाकरीचें पेन्शनही घेण्याचें नाकारलें.

पालकांपैकीं कोणी येथें म्हणतील कीं, चाकरी सोडणें एक वेळ समजूं, पण हक्काचें पेन्शन सोडणें हा अव्यवहार होय. आम्हांस हा आक्षेप हलका वाटत नाहीं. घर चालविणारास दरमहाच्या रुपयांचें मोल ठाऊक असतें. शिवाय टॉमस कँडी यांनीं लष्करी हुद्दा ठेवूनही विद्येची व धर्माची सेवा केली. त्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण मोल्सवर्थ यांच्या दृष्टीनें प्रश्न पैशाचा नव्हता. जें काम आपल्या मनास अयोग्य ठरलें, त्याचें फळ पुढें जन्मभर खात राहिलें, तर तें काम सोडलें असें म्हणावयाचें कसें? त्यांचा निर्णय सर्वांस लागू पडेल असें नाहीं. परंतु त्यांच्या बोलण्यांत व वागण्यांत अंतर नव्हतें, हें कबूल केलेंच पाहिजे.

त्यागानंतर मनुष्य रिकामा बसतो, असाही एक समज असतो. तो येथें खोटा ठरला. सरकारच्या बोलावण्यावरून १८५१ सालीं ते पुनः या देशीं आले, आणि पहिल्या कोशावर हात फिरवूं लागले. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या गृहस्थानें सहा वर्षें खपून शब्दसंख्या सुमारें ६०,००० वर नेली. ही दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. ज्या वर्षीं उत्तर हिंदुस्थानांत तोफा धडाडत होत्या, त्याच वर्षीं तरवार खालीं ठेवलेल्या या मनुष्याचा ग्रंथ बाहेर पडला. पुढें ते मायदेशीं परतले व १८७२ सालीं क्लिफ्टन येथें वारले.

त्यांच्या कोशाचा संक्षेप १८६३ सालीं प्रसिद्ध झाला. तो करणारे बाबा पदमनजी हे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजांतील थोर लेखक होत. मूळ ग्रंथ १९७५ सालीं पुण्यास पुनः छापला गेला, आणि आतां तर तो संगणकावरही पाहावयास मिळतो. जुन्या बखरी व पत्रें वाचतांना शब्द अडला, तर अभ्यासक आजही मोल्सवर्थ उघडतात.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, कोशाच्या कामासंबंधीं एखाद्या जुन्या पत्रांत कॅप्टन मोल्सवर्थ हें नांव दिसलें, तर ते हेच गृहस्थ समजावे, आणि पत्र बहुधा १८३६ पूर्वींचें मानावें. लोकांच्या तोंडीं पदवी पुढेंही राहते, म्हणून साल पडताळून पाहावें. पण १८५७ च्या कोशावर पाहाल, तर कोशकाराच्या नांवाआधीं कॅप्टन हा शब्द नाहीं. साधें जे. टी. मोल्सवर्थ एवढेंच आहे. हुद्द्यावरून मनुष्य ओळखतां येतो हें खरें. परंतु या मनुष्याची खरी ओळख त्यानें टाकलेल्या हुद्द्यावरूनच पटते.