माध्यमयुद्धातील सेनापती

घरातील दूरचित्रवाणी संच जागेवरच आहे. त्यावर येणाऱ्या कार्यक्रमांचा मार्ग मात्र बदलला आहे. नील्सन या मापन संस्थेच्या आकडेवारीनुसार, मे २०२५ मध्ये अमेरिकी प्रेक्षकांनी संचासमोर घालविलेल्या एकूण वेळेपैकी ४४.८ टक्के वेळ इंटरनेटवरील स्ट्रीमिंग सेवांना दिला. केबल वाहिन्या आणि मुक्त प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्या यांच्या वाट्याला मिळून ४४.२ टक्के आला. या दोघींची बेरीज स्ट्रीमिंगने प्रथमच ओलांडली होती. त्यामुळे पारंपरिक वाहिन्यांचे काय होणार, हा प्रश्न आता केवळ चर्चेपुरता उरलेला नाही. हाच प्रश्न सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी नभोवाणीसमोर उभा होता आणि तो उभा करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच नभोवाणीच्या सर्वात मोठ्या साम्राज्याचे अधिपती होते. त्यांचे नाव डेव्हिड सार्नॉफ.

सार्नॉफ यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८९१ रोजी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील मिन्स्कजवळच्या उझल्यानी या खेड्यात एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. रोजगारासाठी वडील आधीच अमेरिकेला गेले होते. १९०० मध्ये आई आणि भावंडांसह सार्नॉफ न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता. वडिलांची प्रकृती ढासळल्याने घरखर्चाचा भार या कोवळ्या मुलावर आला. यिद्दिश वृत्तपत्रे विकून त्यांनी तो उचलला. पुढे त्यांना तारखात्याच्या एका कंपनीत निरोप्याचे काम मिळाले. पण ज्यू नववर्षाच्या सणासाठी रजा मागितल्याने ते गेले. त्यानंतर ३० सप्टेंबर १९०६ रोजी ते मार्कोनी यांच्या बिनतारी संदेशवहन कंपनीच्या अमेरिकी शाखेत हरकाम्या म्हणून रुजू झाले. आठवड्याला साडेपाच डॉलर पगार होता. मोर्सची कडकट्ट लिपी त्यांनी जिद्दीने आत्मसात केली आणि काही वर्षांतच ते तारयंत्रचालक झाले.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर आपण सलग बहात्तर तास एकट्याने यंत्रासमोर बसून बातम्या टिपल्या, असे ते पुढे सांगत. अभ्यासकांना या कथेत बरीच अतिशयोक्ती आढळली. प्रसिद्धीचे मोल त्यांनी किती लवकर ओळखले होते, हे मात्र त्यातून दिसते.

त्यांची खरी दूरदृष्टी दुसऱ्याच गोष्टीत होती. त्या काळी बिनतारी यंत्रणा म्हणजे जहाजे आणि किनारा यांच्यातील संदेशांचे साधन. संदेश कोणालाही ऐकू जातो, हा तिचा दोष मानला जाई. सार्नॉफ यांना त्याच दोषात व्यवसाय दिसला. एका ठिकाणाहून संगीत आणि व्याख्याने प्रक्षेपित करावीत आणि घरोघरी एका पेटीतून ती ऐकली जावीत, ही कल्पना त्यांनी वरिष्ठांपुढे मांडली. ती प्रथम कोणत्या वर्षी मांडली, याविषयी मतभेद आहेत. १९१९ मध्ये रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, अर्थात आरसीए, स्थापन झाली आणि मार्कोनीच्या अमेरिकी शाखेसह सार्नॉफही तिच्यात आले. जुलै १९२१ मध्ये डेम्प्सी आणि कार्पेंटिए यांच्या मुष्टियुद्धाचे वर्णन त्यांच्या पुढाकाराने प्रक्षेपित झाले आणि नभोवाणीची लोकप्रियता निर्विवाद ठरली. १९२६ मध्ये एनबीसी हे प्रक्षेपण जाळे उभे राहिले. १९३० मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, सार्नॉफ आरसीएचे अध्यक्ष झाले.

संचांची विक्री, जाहिराती, पेटंटचे स्वामित्वशुल्क असे सर्व बाजूंनी पैसे देणारे हे माध्यम हाती असताना, तेच ज्यामुळे मागे पडेल त्या दूरचित्रवाणीवर त्यांनी खर्च सुरू केला. १९२९ मध्ये रशियन वंशाचे शास्त्रज्ञ व्लादिमिर झ्वोरिकिन त्यांना भेटले. एक लाख डॉलर आणि दोन वर्षे पुरतील, असा झ्वोरिकिन यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहा वर्षे लागली आणि खर्च कोट्यवधी डॉलरवर गेला. महामंदीच्या काळातही तो पैसा थांबला नाही, कारण तो नभोवाणीच्या कमाईतून येत होता. एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सार्नॉफ यांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहून नव्या माध्यमाची घोषणा केली. तरीही शोधाचा मान आरसीएला एकटीला मिळाला नाही. तरुण संशोधक फिलो फार्न्सवर्थ यांनी १९२७ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत इलेक्ट्रॉनिक प्रतिमा पाठवून दाखविली होती. दीर्घ वादानंतर १९३९ मध्ये आरसीएला त्यांच्या पेटंटसाठी पैसे मोजावे लागले. स्वामित्वशुल्क घेण्याची सवय असलेल्या कंपनीला ते देण्याची वेळ आली.

सार्नॉफ यांच्या चरित्रातील सर्वात कडवट प्रकरण मात्र एडविन आर्मस्ट्राँग यांचे आहे. हे दोघे जुने मित्र. आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी मॅरियन या विवाहापूर्वी सार्नॉफ यांच्याच कार्यालयात सचिव होत्या. नभोवाणीतील खरखर दूर करण्याचा उपाय आर्मस्ट्राँग यांनी शोधला. १९३३ मध्ये पेटंट मिळालेला हा उपाय म्हणजेच मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना परिचित असलेले एफएम. त्याच्या चाचण्या आरसीएच्याच सहकार्याने एम्पायर स्टेट इमारतीवरून झाल्या आणि यशस्वीही ठरल्या. अडचण तांत्रिक नव्हती. एफएम स्वीकारायचे तर देशभरातील केंद्रे आणि घरातील संच बदलावे लागणार होते आणि सार्नॉफ यांना सारी शक्ती दूरचित्रवाणीवर लावायची होती. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांना इमारतीवरील आपली यंत्रणा हलविण्यास सांगण्यात आले. १९४५ मध्ये सरकारी नियामक आयोगाने एफएमला नव्या कंपनपट्ट्यात हलविले आणि लोकांनी विकत घेतलेले संच एका निर्णयाने निरुपयोगी झाले. १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीएवर पेटंटभंगाचा दावा लावला. खटल्यात त्यांचा पैसा, प्रकृती आणि संसार खर्ची पडला. १९५४ च्या जानेवारीअखेर त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी आरसीएने मॅरियन यांच्याशी सुमारे दहा लाख डॉलरवर तडजोड केली.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या संदेशवहनाच्या कामगिरीबद्दल सार्नॉफ यांना १९४४ मध्ये ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला आणि पुढे ते तीच उपाधी अभिमानाने मिरवीत राहिले. रंगीत चित्रांच्या लढाईत त्यांचे सेनापतित्व पणास लागले. प्रतिस्पर्धी सीबीएसच्या रंगीत पद्धतीला १९५० मध्ये मान्यता मिळाली होती. पण तिचे प्रक्षेपण जुन्या संचांवर दिसत नसे. आरसीएच्या तंत्रज्ञांनी ज्या पद्धतीचा पाठपुरावा केला, तिचे रंगीत प्रक्षेपण जुन्या संचावर कृष्णधवल का होईना, पण दिसत असे. डिसेंबर १९५३ मध्ये तिलाच मान्यता मिळाली. एफएमच्या वेळी श्रोत्यांचे जुने संच बाद झाले होते. येथे प्रेक्षकांचा जुना संच वाचला. रंगीत संच खपण्यास मात्र बरीच वर्षे लागली आणि तोवर तोटा सोसला गेला.

या दरम्यान नभोवाणीचे काय झाले? जाहिरातदार आणि लोकप्रिय कलावंत दूरचित्रवाणीकडे गेले. संध्याकाळच्या नाटकांची आणि विनोदी मालिकांची जागा रिकामी झाली. नभोवाणी मात्र संपली नाही. संगीत, बातम्या आणि स्थानिक कार्यक्रमांच्या आधारे ती मोटारीत आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरवर जगली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एफएमचे श्रोते जुन्या एएमपेक्षा अधिक झाले. सार्नॉफ यांनी ज्याला थांबवून ठेवले, त्याच शोधाने त्यांच्या पहिल्या माध्यमाला दीर्घायुष्य दिले. ते पाहण्यास आर्मस्ट्राँग नव्हते आणि सार्नॉफही नव्हते. १२ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सार्नॉफ यांचे निधन झाले होते.

त्यांचे साम्राज्यही पुढे विखुरले. १९८६ मध्ये आरसीए जनरल इलेक्ट्रिकने घेतली, पुढच्याच वर्षी एनबीसीचे नभोवाणी जाळे विकले गेले. २०११ मध्ये एनबीसीचे नियंत्रण कॉमकास्ट या केबल कंपनीकडे आले. याच कंपनीने २०२० मध्ये पीकॉक ही स्ट्रीमिंग सेवा सुरू केली आणि २०२४ मध्ये आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत काढण्याची घोषणा केली. जुन्याच्या कमाईवर नवे पोसायचे, हा सार्नॉफ यांचा धडा वारसदारांनी गिरविलेला दिसतो. वाहिन्यांपुढचा धोका खरा आहे. नभोवाणीच्या अनुभवावरून पाहता त्या नाहीशा होण्यापेक्षा त्यांचा पैसा आणि मानाची जागा जाण्याची शक्यता अधिक. मात्र कोणते तंत्र केव्हा पुढे आणायचे आणि कोणते अडवून धरायचे, हे मूठभर कंपन्याच ठरवीत असतील, तर त्याची किंमत प्रेक्षकाला आणि संशोधकालाही मोजावी लागते. आर्मस्ट्राँग यांनी ती मोजली.