विल्हेल्म मायबाख : बाइकच्या स्लोची गोष्ट इथून सुरू होते

मायबाख हे नाव तुम्ही रील्समध्ये नक्की ऐकलं असेल. कोट्यवधींची गाडी, मागे पाय पसरून बसायची सीट वगैरे. मला त्या गाडीपेक्षा त्या नावाच्या माणसात जास्त रस आहे. सिग्नलला उभी असलेली जुनी कार्ब्युरेटरवाली बाइक रेस न देताही धडधडत राहते ना, ज्याला आपले मेकॅनिक स्लो म्हणतात, त्याची गोष्ट या माणसापासून सुरू होते.

विल्हेल्मचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. वडील सुतार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, मग वडीलही गेले. शेवटी रॉयटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने चालवलेल्या अनाथाश्रमात त्याला जागा मिळाली. आश्रमाचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. पोराचा ड्रॉइंगमधला हात चांगला निघाला आणि तो ड्राफ्ट्समन झाला. तिथेच त्याची गाठ कारखाना सांभाळायला आलेल्या गॉटलीब डाइमलरशी पडली. डाइमलर बारा वर्षांनी मोठे. पुढची पस्तीस वर्षं जिथे डाइमलर, तिथे मायबाख. कार्ल्सरूह, मग १८७२ मध्ये कलोनजवळचा डॉइट्झ कारखाना, जिथे निकोलाउस ऑटोंचं फोर-स्ट्रोक इंजिन तयार झालं.

१८८२ मध्ये दोघे तिथून बाहेर पडले आणि श्टुटगार्टशेजारच्या कानश्टाटमध्ये डाइमलरांच्या बागेतल्या काचघरात काम करू लागले. रात्री-बेरात्री तिथून ठोकाठोकीचे आवाज यायचे. माळ्याला वाटलं, हे खोटी नाणी पाडतायत. त्याने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी झडती घेतली, आणि हाती लागली ती फक्त हत्यारं आणि इंजिनचे भाग! तोवरची इंजिनं मिनिटाला जेमतेम १५०-२०० फेरे घ्यायची, अवजड आणि एका जागी बसवलेली. यांचं १८८३ चं छोटं इंजिन ६०० पर्यंत गेलं. १८८५ मध्ये तसंच इंजिन लाकडी दुचाकीवर चढलं, आणि पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल म्हणून आज तिचंच नाव घेतात.

पण या इंजिनांना पेट्रोल पाजायचं कसं? तेव्हाच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोलच्या साठ्यातून किंवा त्याच्यावरून जायची आणि वाफ सोबत घेऊन सिलिंडरमध्ये शिरायची. यात गडबड अशी की पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जातो, जड भाग खाली उरतो. थंडी असली की वाफ कमी, रस्ता खराब असला की हिंदकळून भलतंच मिश्रण.

१८९० मध्ये डाइमलर कंपनी उभी राहिली, तेव्हा पैसेवाल्या भागीदारांनी मायबाख यांना देऊ केलेल्या अटी त्यांना मान्य नव्हत्या. १८९१ च्या सुरुवातीला ते बाहेर पडले. मग डाइमलरांच्या पैशावर, कानश्टाटच्या बंद पडलेल्या हॉटेल हेर्मानच्या हॉलमध्ये त्यांनी वर्कशॉप थाटलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम इथलंच. १८९३ मध्ये त्यांनी स्प्रे कार्ब्युरेटर आणला. एका छोट्या वाटीत फ्लोट पेट्रोलची पातळी कायम ठेवतो. पिस्टन हवा ओढतो, ती हवा बारीक जेटवरून वेगाने जाते, तिथला दाब पडतो आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं वर येतं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. (हंगेरीच्या बांकी आणि चोंका यांनी हीच कल्पना काही महिने आधी मांडली होती, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.)

आता गंमत बघा. जेटचं सगळं काम हवेच्या वेगावर. पण स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. हवा इतकी हळू जाते की मोठ्या जेटमधून पेट्रोल वर चढतच नाही. म्हणजे ज्या युक्तीने इंजिन पळतं, तीच युक्ती इंजिन उभं असताना निकामी! सुरुवातीला हा प्रश्न फारसा आलाच नाही, कारण हॉट ट्यूब इग्निशनमुळे इंजिन एका ठरावीक वेगाच्या आसपासच चालायचं. वेग वाढला की गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू द्यायचा नाही, नवं मिश्रण आत येत नसे, आणि इंजिन तो फेरा रिकामा काढायचं.

नंतरच्या इंजिनिअरांनी यावर उपाय काढला तो थ्रॉटलच्या इंजिनकडच्या बाजूला. थ्रॉटल बंद असला की तिथे ओढ सगळ्यात जास्त असते. म्हणून तिथे बारीक भोक पाडून पायलट जेट जोडला. आपल्या बाइकवरचे दोन स्क्रू इथलेच. मोठा स्क्रू थ्रॉटलला किंचित उघडा ठेवतो, घट्ट केला की आरपीएम वाढतो. छोटा स्क्रू मिश्रण ठरवतो. तो काही कार्ब्युरेटरमध्ये हवा सोडतो, काहींमध्ये पेट्रोल, त्यामुळे फिरवायची दिशा उलटी असते. आधी मॅन्युअल बघा. इंजिन नीट गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू असा लावायचा की इंजिन सगळ्यात सुरळीत चालेल, मग मोठ्या स्क्रूने आरपीएम खाली आणायचा. पायलट जेटमध्ये कचरा असताना नुसता मोठा स्क्रू पिळून दिला तर गाडी बंद पडत नाही, पण पेट्रोल पीत राहते. २०२० च्या बीएस-६ नंतर हे काम बहुतेक नव्या बाइक्समध्ये ईसीयू करतो.

तर मायबाख. १८९५ मध्ये दोघेही कंपनीत सन्मानाने परतले. १९०० मध्ये डाइमलर वारले. एमिल येलिनेक या श्रीमंत गिऱ्हाइकाने हलकी आणि वेगवान गाडी मागितली. मायबाख यांनी बनवली ३५ अश्वशक्तीची गाडी : दोन कार्ब्युरेटर, मॅग्नेटोची ठिणगी, ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर. आणि स्टीअरिंगवरच्या दांडीने इंजिनचा वेग ३०० ते १,००० आरपीएममध्ये कुठेही ठेवता यायचा. धावताना एक वेग, उभं असताना दुसरा, आणि दोन्ही चालकाच्या हातात. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं. गाडीला नाव मिळालं येलिनेकच्या मुलीचं, मर्सिडीज. कंपनीवर नाव डाइमलरांचं. मायबाख कुठेच नाहीत. हे मला खटकतं.

१९०७ मध्ये अंतर्गत कुरबुरींना कंटाळून त्यांनी कंपनी कायमची सोडली. १९०९ मध्ये झेपेलिन यांच्यासोबत हवाई जहाजांच्या इंजिनांची कंपनी काढली, ती मुलगा कार्लने सांभाळली. मायबाख नावाची पहिली गाडी १९२१ मध्ये लोकांसमोर आली, तीही कार्लचीच. तेव्हा विल्हेल्म ७५ वर्षांचे होते. २९ डिसेंबर १९२९ ला ते गेले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच त्यांनाही पुरलं आहे.