वर्ध्याचा क्रांतिकारक, मेक्सिकोचा मका : डॉ. पांडुरंग खानखोजे

मुरबाड : पावसाळ्यात कल्याणहून माळशेजकडे निघालं की रस्त्याच्या कडेला कोळशावर भाजलेली मक्याची कणसं दिसतात. मीठ-लिंबू चोळून लोक आवडीने खातात. हा मका मूळचा आपल्याकडचा नाही, तो मेक्सिकोचा. पण त्याच मेक्सिकोत जाऊन तिथल्या शेतकऱ्याला सुधारित मका देणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्राचा होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. २२ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन.

खानखोजे मूळचे वर्ध्याकडचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ तेव्हाच्या मध्य प्रांतावर आले, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा पोरगा इंग्रजांना घालवायचं डोक्यात घेऊन विशीतच परदेशी निघाला. जपान करत अमेरिकेला पोहोचला. तिथे एकीकडे लष्करी शिक्षण घेतलं आणि दुसरीकडे शेतीशास्त्र. १९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्यासोबत गदर चळवळ उभी करणाऱ्यांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. मायदेशी यायची वाट मात्र बंद झाली. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं.

१९२४ साली ते मेक्सिकोत उतरले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि भूमिहीनांना जमिनी मिळू लागल्या होत्या. जमीन मिळाली, पण पिकवायचं काय आणि कसं, हा प्रश्न होताच. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. मका, गहू, कडधान्यं यांवर त्यांनी काम केलं. कमी पाण्यात तगणारे आणि थंडीचा कडाका सोसणारे वाण काढण्यावर त्यांचा भर होता.

हे काम सोपं नसतं. मक्याचा तुरा झाडाच्या शेंड्याला येतो आणि केस खाली कणसाला. तुऱ्यातलं पराग केसांवर पडलं तरच दाणा भरतो. नेमकं त्याच वेळी पावसाने डोळे वटारले तर केस उशिरा बाहेर येतात, तोवर पराग झडून गेलेलं असतं. मग कणीस दिसतं मोठं, पण आत दाणे तुरळक. म्हणून कोरड्या रानातही ज्या झाडाचा तुरा आणि केस जोडीने येतात, ते झाड निवडायचं, दुसऱ्या चांगल्या झाडाशी त्याचा संकर करायचा, पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. दुष्काळ सोसणारा मका असा वर्षानुवर्षांच्या निवडीतून तयार होतो.

खानखोजे नुसते प्रयोगाच्या रानात थांबले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी फी न घेणाऱ्या कृषी शाळा सुरू केल्या. बी कसं निवडायचं, जमीन कशी राखायची हे शेतकऱ्याला स्वतःला कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. या शाळांचे आणि त्यांच्या मक्याचे फोटो प्रसिद्ध छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी काढले. मोठे चित्रकार दिएगो रिवेरा यांनी सरकारी इमारतीच्या भिंतीवर भाकरी वाटून घेणाऱ्या कष्टकऱ्यांचं चित्र काढलं, त्यात मधोमध भाकरी मोडणारा माणूस खानखोजेच आहेत.

देश स्वतंत्र झाला तरी काळ्या यादीतलं नाव लगेच पुसलं गेलं नाही. ज्या देशासाठी घर सोडलं, तिथे परतायला त्यांना अडचण आली. १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं. पुढे १९५५ मध्ये ते कायमचे परतले आणि नागपुरात राहिले. तोवर सत्तरी गाठली होती. १९५७ मध्ये देशात मका सुधारणेचा समन्वित प्रकल्प सुरू झाला, १९६१ मध्ये गंगा, रणजित, डेक्कन हे पहिले संकरित वाण आले. उमेदीची वर्षं मात्र खानखोजेंनी दूरच्या मातीला दिली होती. २२ जानेवारी १९६७ रोजी ते गेले. २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झालं.

आपल्या जिल्ह्यात त्यांची आठवण काढायला कारण आहे. शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. भात निघाल्यावर इथली बरीच रानं पाण्याअभावी पडीक राहतात. संकरित बी दुकानातून आणलं तर दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं, कारण घरचं राखून पेरलं की जोम उतरतो. कमी पाण्यात कोणतं बी तगेल आणि ते निवडायची अक्कल कोणाच्या हातात राहील, हा प्रश्न खानखोजेंनी शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या रानात हाती घेतला होता. मुरबाड-शहापूरच्या बांधावर तो आजही तसाच उभा आहे.