कोसबाडच्या अनुताई वाघ

आपल्या वस्तीत अंगणवाडी ठाऊक नाही असे एकही घर नसेल. कुणाची नात तिथे जाते, कुणाची सून तिथे सेविका आहे, कुणी लहानपणी तिथलीच खिचडी खाऊन मोठा झाला आहे. पण अंगणवाडी हा शब्द आला कुठून, असे विचारले तर आपण सांगतो, सरकारने दिला. सरकारने तो उचलला हे खरे. पण तो जन्मला आपल्याच भागात, डहाणू तालुक्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन बायांनी तो कामातून घडवला. त्यातल्या अनुताईंची जीवनकहाणी आम्ही यंदाच्या स्मरणिकेत सांगणार आहोत.

अनुताईच का, असे कुणी विचारील. आपल्यापैकी बरेच जण इथले मूळचे नाहीत. कुणी विदर्भातून आले, कुणी मराठवाड्यातून, कुणी खानदेशातून, कुणी कोकणातून. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, एमआयडीसीत कारखाने उभे राहिले, आणि पोटासाठी माणसे बोईसर स्टेशनवर उतरत गेली. पंचवीस-तीस वर्षे झाली तरी आपण गावाला जातो म्हणतो ते दुसरीकडेच. अनुताईही अशाच बाहेरून आल्या होत्या. फरक एवढाच की त्या पोट भरण्यासाठी आल्या नाहीत, भरल्या पोटाची नोकरी सोडून आल्या. आणि इथल्याच होऊन गेल्या.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच तो संपला होता. त्या काळी अशा मुलीच्या नशिबी काय असे, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी पुण्यात विधवांसाठी घर उघडले त्याला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती, पण घराघरातली रीत काही बदललेली नव्हती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्यांची मुले सांभाळत आयुष्य काढायचे, एवढीच वाट विधवेला मोकळी असे.

अनुताईंनी दुसरी वाट धरली, ती शिक्षणाची. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून १९२९ साली शिक्षिका झाल्या. चार वर्षे नाशिक जिल्ह्यात खेड्यातल्या शाळेत शिकवले. १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी मिळाली. हुजूरपागा म्हणजे मुलींची नामांकित शाळा. पगार नियमित, मान मोठा, भोवताली शिकलेली माणसे. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. आपल्यातल्या ज्या आया-बहिणी मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही-पेन हातात घेतात आणि लाजतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. अनुताई बी.ए. झाल्या त्या तर १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी.

एका विधवा बाईला त्या काळी याहून जास्त काय हवे होते? घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी म्हणावे की बाईने नाव काढले. पस्तिसाव्या वर्षी माणूस पेन्शनचा विचार करायला लागतो. नेमक्या त्याच वयात अनुताईंनी हे सारे सोडले.

१९४५ साली मुंबईजवळ बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर होते. खेड्यात जाऊन काम करणाऱ्या बायका तयार करायच्या, हा त्याचा हेतू. तिथे अनुताईंची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाईंची कथाही अशीच. त्या राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती मोठी जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांत बसायला गेल्या. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला. पण शहरातली शिकल्या-सवरल्यांची मुले तर कशीही शिकतील, खेड्यातल्या गरिबाच्या पोराचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना सोबत हवी होती. अनुताई तयार झाल्या.

ते साल कसे होते हेही पाहावे. त्याच १९४५ च्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी इकडे तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यात काम करत होते. जमीनदाराकडून लग्नासाठी कर्ज घेतले म्हणून नवरा-बायकोने त्याच्याच घरी वर्षानुवर्षे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. त्या उठावावर गोळीबारही झाला. अशा मुलखात एक पांढरपेशी बाई लहान मुलांची शाळा घेऊन आली, तर लोकांनी तिच्यावर का म्हणून विश्वास ठेवावा? बाहेरून येणारा माणूस म्हणजे सावकार, जंगलखात्याचा शिपाई नाही तर ठेकेदार, हाच तोवरचा अनुभव.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. थोडी बऱ्या घरची मुले यायला लागली. पण ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, ती दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले काही येईनात. कारणे साधीच होती. आईबाप उजाडताच मजुरीला जाणार. पाच वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड. अंगावर धड कपडा नाही, पोटात काही नाही. आणि गावातल्या चांगल्या घराच्या ओसरीवर आपल्या पोराला कुणी बसू देईल, हे वस्तीला खरेच वाटत नव्हते. का वाटावे?

इथे या दोघी बायांनी जे केले त्यासाठी आम्ही हा लेख लिहितो आहोत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांना अडाणी म्हटले नाही, शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे केली नाहीत. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल, असे ठरवले. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. शब्द झाला तो असा.

अंगणात पहिले काम शिकवण्याचे नव्हतेच. पाणी आणायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, खरूज-गळू धुऊन औषध लावायचे. ज्या वस्तीच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिथल्या लेकरांना हुजूरपागेतली बाई आपल्या हाताने न्हाऊ घालत होती. पोरे आधी पळून जात. मग लांबून बघत. मग गाणी ऐकायला जवळ येत. मग हात धरत.

मादाम माँटेसरींच्या पद्धतीची साधने महाग. ती परदेशी लाकडी ठोकळ्यांची पेटी खेड्यात कोण घेणार? मग शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पाने-फुले, माती, बांबूच्या कांड्या, हीच साधने झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले, लहान-मोठे कळायला शिंपले. एका पैशाचा खर्च नाही, आणि मुलाच्या ओळखीची वस्तू. महागडी खेळणी नाहीत म्हणून आमची बालवाडी चांगली चालत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोईसरहून डहाणूकडची गाडी धरली की वाणगाव, डहाणू रोड, मग घोलवड. त्या टापूत आतल्या बाजूला ही टेकडी आहे आणि भोवती वारल्यांचे पाडे. इथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडली, तिला विकासवाडी म्हणत. यातली मेख समजून घ्यावी. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर तान्हे आहे. मग तान्ह्यासाठी पाळणा शेजारीच टांगला की बहीण सुटली. एका पाळण्याने एक मुलगी शिकते, हे या बायांनी करून दाखवले.

तरी काही पोरे राहिलीच. ती गुरे राखायला जात. मग शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली फळा टांगला आहे, ती कुरणशाळा. ज्यांना दिवसभर काम, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. घंटा वाजली की मुले आलीच पाहिजेत हा सगळीकडचा नियम. कोसबाडला मुलाचा दिवस पाहून घंटा ठरे.

त्याबरोबरच बालवाडी चालवणाऱ्या बाया तयार करण्याचे कामही होते. आपण दोघी किती पाडे पुरे पडणार, हे त्यांना कळत होते. म्हणून कोसबाडला प्रशिक्षण सुरू झाले आणि तिथे शिकून बाया आपापल्या गावी जाऊन मुले गोळा करू लागल्या.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत सुटली. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परतल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. पण पुण्यात आता त्यांचे कोण होते? त्यांची माणसे टेकडीवर होती. संस्थेचा सारा भार त्यांनी उचलला. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला. पण तो मोठा होताना थोडा बदलला हेही सांगितले पाहिजे. बोर्डीत अंगणवाडी म्हणजे वस्तीच्या दारी गेलेली शाळा. योजनेत पोषण, लसीकरण, नोंदवह्या यांचा भार इतका की मुलांशी खेळायला सेविकेला वेळ उरणे कठीण. आणि तिच्या हाती पगार नाही, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तोवर योजनेला सेहेचाळीस वर्षे झाली होती. आपल्या घरातली सेविका दुपारी थकून येते तेव्हा तिचे काम म्हणजे वेळ घालवणे नव्हे, एवढे तरी आपण ओळखावे.

अनुताईंना पद्मश्री मिळाली, इतरही मानसन्मान मिळाले. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाचे नाव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १९८२ साली, रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था काढली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. बोर्डी-कोसबाडची एकूण सत्तेचाळीस वर्षे झाली. मोरगाव, नाशिक, पुणे हे सारे मिळून पस्तीस. मग त्यांचे गाव कोणते म्हणायचे?

आम्हाला या जीवनकहाणीतून एक गोष्ट उमगली. परक्या गावी माणसे आपली कधी होतील, याची वाट पाहून ती आपली होत नाहीत. त्यांच्या लेकरांसाठी हात मळवावे लागतात. अनुताईंना समाज आयता मिळाला नाही. ज्या समाजाने त्यांना तेराव्या वर्षी कोपऱ्यात बसवले, तो त्यांचा राहिला नाही. ज्यांची पोरे त्यांनी न्हाऊ घातली, तो त्यांचा झाला.

आणि एक कबुलीही देतो. विहारात आम्ही रविवारचा मुलांचा वर्ग चालवतो. मुले येतात, छान येतात, पण येतात ती आपलीच. मागच्या वीटभट्टीवर दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे येऊन राहतात, त्यांची पोरे मातीत खेळताना आपण जाता-येता बघतो. त्यांना आम्ही बोलावले होते. ती आली नाहीत. तेव्हा आम्ही म्हटले, त्यांना आवडच नाही. हा लेख लिहायला बसलो तेव्हा आमचीच आम्हाला लाज वाटली. आपल्या आज्यांच्या वस्तीबद्दलही एकेकाळी लोक हेच म्हणत होते.

म्हणून यंदा वर्ग विहारात भरेल तसा भट्टीवरही भरेल, असे आम्ही ठरवले आहे. सतरंजी, पाण्याचा हंडा, साबण, कंगवा आणि पिशवीभर चिंचोके, एवढेच सामान लागेल. ज्या बहिणींना आणि तरुणांना रविवारचे दोन तास देता येतील त्यांनी विहारात नाव द्यावे. शिकवता येते का, हा प्रश्न नंतरचा. आधी हात धुवायला शिकवू.